गहू, आतडे आणि यकृत : एका दुखण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, गड आणि तह येतात. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेतही आजवर जिजाऊसाहेब, अहल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर भगिनींनी मोठ्या तळमळीने लिहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा त्या थोर इतिहासाला हात घालण्याचे धाडस मी करत नाही. पण दुखण्यांनाही इतिहास असतो. कोणते दुखणे कोणी ओळखले, कोण चुकले, कोणाला कशामुळे उमगले, ही हकिकतही लढाईइतकीच चित्तवेधक असते. आणि काही दुखण्यांचा इतिहास तर दवाखान्याइतकाच स्वयंपाकघरात घडलेला असतो. अशाच एका दुखण्याविषयी मी चार शब्द लिहिणार आहे. त्याचे नाव सीलिअ‍ॅक. त्याचे मूळ गव्हात, घर आतड्यात, आणि घाव पुष्कळदा यकृतावर, म्हणजे आपण ज्याला लिव्हर म्हणतो त्यावर.

हे सारे शोधण्याची पाळी माझ्यावर आली ती घरातल्या एका मुलीच्या आजारपणामुळे. ती हकिकत पुढे ओघाने येईलच. इंग्रजीत होते ते माझ्या लेकीने वाचून मला मराठीत समजावले, आणि जे कळले नाही ते डॉक्टरीणबाईंना विचारून घेतले.

प्रथम गव्हाकडे वळू. आपण पुरणपोळीची कणीक तेलपाणी लावून किती तिंबतो ! जितकी तिंबावी तितकी ती ताणली जाते, आणि म्हणूनच मुठीएवढे पुरण भरूनही पोळी फुटत नाही. हा ताण कणकेत कोठून येतो ? कणकेचा घट्ट गोळा पाण्याच्या धारेखाली चोळत धुवून पाहा. पांढरे पाणी निघून जाते. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, तोच तो पांढरा भाग. हातात उरतो एक करड्या रंगाचा, रबरासारखा चिवट गोळा. यालाच ग्लुटेन म्हणतात. इटलीतील बोलोन्या गावच्या बेक्कारी नावाच्या विद्वानाने नेमका हाच प्रयोग करून गव्हाच्या पिठाचे दोन भाग वेगळे दाखवले, आणि १७४५ साली ते छापून प्रसिद्ध झाले. ज्वारी-बाजरीत हा चिवटपणा नाही. म्हणून तर भाकरी आपण पोळीसारखी सरसर लाटत नाही, हाताने थापतो. सुगरणीला हा फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फक्त त्याच्यामागे एखाद्याच्या जिवाचा प्रश्न असेल हे कोणाला ठाऊक नव्हते.

बहुतेक माणसांना ग्लुटेन सहज पचते. पण काहींच्या शरीरात जन्मतःच अशी ठेवण असते की आतड्यात ग्लुटेन आले म्हणजे शरीराला ते शत्रूसारखे वाटते. रोगजंतूंशी लढण्याची जी शक्ती देवाने दिली आहे, ती मग स्वतःच्याच आतड्यावर उलटते. निरोगी लहान आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी असते. तिच्यावर अगदी बारीक, दाट अंकुर असतात. त्यांना रसांकुर म्हणतात, आणि खाल्लेल्या अन्नातला सारा कस तेच शोषून घेतात. या दुखण्यात ती मखमल झिजून आतडे गुळगुळीत होते. मग माणूस जेवतो, पण अंगी लागत नाही. कोणाला जुलाब, कोणाचे पोट फुगते, मुलांची वाढ खुंटते. आणि कोणाला पोटाची काहीच तक्रार नसते, नुसते रक्त कमी आणि अशक्तपणा.

आता इतिहास. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कॅपाडोशिया प्रांतात अरेटिअस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. खाल्लेले न पचता तसेच पडते आणि माणूस वाळत जातो, असे एक दुखणे त्याने लिहून ठेवले. ग्रीक भाषेत पोटाला कोइलिआ म्हणतात, त्यावरून त्याने त्याला पोटाचे दुखणे असे नाव दिले. सीलिअ‍ॅक हा शब्द त्यातूनच आला. पुढे किती शतके तो ग्रंथ पडून होता. १८५६ साली फ्रान्सिस अ‍ॅडम्स या स्कॉटिश डॉक्टराने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १८८८ साली, लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी या दुखण्यावर एक छोटासा लेख लिहिला. लहान मुले कशी फिकट होतात, पोट कसे पुढे येते आणि हातपाय कसे काड्या होतात, याचे त्यांनी हुबेहूब वर्णन केले. रोग बरा व्हायचा असेल तर तो खाण्यापिण्याच्या पथ्यानेच होईल, हेही त्यांनी बजावले. केवढी अचूक नजर ! पण पथ्य सांगताना त्यांनी भात आणि साबुदाणा वर्ज्य केला, आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव चालेल असे म्हटले. म्हणजे जे निरुपद्रवी ते काढून घेतले आणि जे विष ते ताटात राहिले. त्यांच्या एका छोट्या रुग्णाला समुद्रातल्या शिंपल्यांचे मांस रोज खाऊ घातले, तेव्हा तो मोसम संपेपर्यंत चांगला सुधारला. मोसम संपला, आणि मूल पुन्हा खालावले. पुढच्या वर्षी त्याने शिंपल्याला तोंड लावले नाही. आजाऱ्याला रोज तेच तेच खाऊ घालणे किती कठीण, हे आईशिवाय कोणाला कळणार ?

अमेरिकेत सिडनी हास या डॉक्टरांनी १९२४ साली केळ्यांचे पथ्य सुचवले. पाव, बटाटे, धान्ये बंद आणि केळी भरपूर. मुले सुधारली, आणि कित्येक वर्षे लोक केळ्यालाच औषध समजत राहिले. गुण केळ्याचा नव्हता. केळे आले म्हणून पाव गेला, त्याचा तो गुण होता. पण हे उमगायला आणखी पाव शतक जावे लागले.

ते उमगले हॉलंड देशातल्या एका डॉक्टरांना. त्यांचे नाव विलेम कारेल डिके. १९०५ साली जन्मलेले हे गृहस्थ अवघ्या एकतिसाव्या वर्षी हेग शहरातील मुलांच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. या दुखण्याच्या एका मुलाच्या आईने त्यांना सांगितले की, मुलाला पाव देणे बंद केले की त्याच्या अंगावरचे चट्टे झपाट्याने कमी होतात. दुसरा कोणी असता तर बाईमाणसाचे बोलणे म्हणून सोडून देता. डिके यांनी सोडले नाही. लढाईपूर्वीपासूनच ते मुलांना गव्हाचा पाव बंद करून पाहू लागले, आणि १९४१ साली त्यांनी साध्या आहाराविषयी लेखही लिहिला.

मग आला १९४४-४५ चा हिवाळा. हॉलंडचा पश्चिम भाग जर्मनांच्या ताब्यात होता आणि अन्नाची वाहतूक तुटली होती. माणसे साखरेचे बीट आणि ट्यूलिप फुलांचे कंद शिजवून खाऊ लागली. हजारो माणसे भुकेने मेली. त्या वर्षाला तिकडे भुकेचा हिवाळा असेच म्हणतात. भाकरीचा तुकडा नाही, अशा त्या दिवसांत सीलिअ‍ॅकची मुले मात्र बरी राहिली, आणि मदतीचा पाव पुन्हा मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली, अशी हकिकत सांगतात. पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले असते की या हिवाळ्यामुळेच शोध लागला. पण डिके यांच्या मनात संशय आधीच होता. आईच्या बोलण्याने तो पेरला गेला, आणि दुष्काळाने त्याला पुष्टी मिळाली, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

डिके नुसत्या संशयावर थांबले नाहीत. मुलांच्या आहारात गहू घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा, आणि महिनोन्‌महिने वजन, उंची, भूक, शौच यांची टिपणे ठेवायची, असे त्यांनी केले. १९५० साली उत्रेख्त विद्यापीठाला त्यांनी आपला प्रबंध सादर केला. वायर्स आणि व्हान द कामर या दोन सहकाऱ्यांनी शौचातून वाया जाणारी चरबी मोजून दाखवली. गहू दिला की चरबी वाया जाते, गहू काढला की जात नाही. १९५२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनीही तेच सिद्ध केले, आणि दोष गव्हाच्या सत्त्वात नसून ग्लुटेनमध्ये आहे हे दाखवले. त्या मंडळींत शार्लट अँडरसन या डॉक्टरीणबाई होत्या. पुढे १९५६ साली मार्गो शायनर या लंडनच्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा कणभर तुकडा काढण्याची युक्ती सिद्ध केली. त्यामुळे ती झिजलेली मखमल जिवंतपणीच डोळ्यांनी पाहता येऊ लागली. या इतिहासात बायकांचा हात किती ठिकाणी लागला आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

येथवर सर्वांची नजर पोटावर होती. यकृताकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. वास्तविक आतडे आणि यकृत हे सख्खे शेजारी. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असे, बाहेरून येणारा माल तेथे थांबल्यावाचून बाजारात जात नसे. तसेच आतड्यात शोषलेले सारे काही एका मोठ्या शिरेतून थेट यकृतात जाते, आणि तेथे पारख होऊन मगच उरलेल्या शरीरात फिरते. आतड्याची भिंत शाबूत असली तर नाक्यावर स्वच्छ माल येतो. भिंत झिजून ढिली पडली म्हणजे नको ते पदार्थही आत शिरतात आणि त्यांचा मारा पहिल्याने यकृतावर होतो. यकृताला सूज येते, त्याच्या पेशी दुखावतात, आणि पेशींत असायची ती द्रव्ये रक्तात उतरतात. रक्ताच्या तपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले येतात ते यामुळे. याशिवाय शरीराची जी शक्ती आतड्यावर उलटलेली असते, ती कधी कधी यकृतावरही उलटते. ही सारी कारणे एकत्र मिळून काम करतात असे डॉक्टर मानतात.

१९७७ साली स्वीडनमधील डॉक्टरांनी सीलिअ‍ॅकच्या ७४ प्रौढ रुग्णांचे रक्त तपासले. शेकडा सुमारे चाळीस जणांच्या यकृताची द्रव्ये वाढलेली निघाली. गहू सोडल्यावर ती खाली आली. १९९५ साली इटलीतील मिलान शहरी १५८ रुग्ण तपासले, त्यांत ६७ जणांचे यकृत दुखावलेले होते, म्हणजे शेकडा बेचाळीस. पथ्यानंतर त्यांतील बहुतेक सर्वांचे पूर्ववत झाले. दोन वेगळ्या देशांत जवळपास तोच आकडा यावा, हा योगायोग नव्हे.

पुढे बोलोन्याच्या डॉक्टरांनी, ज्या गावी बेक्कारींनी कणकेचा गोळा धुतला त्याच गावच्या, प्रश्न उलटा विचारला. ज्यांचे यकृत दुखावलेले आहे पण कारण सापडत नाही, अशांत सीलिअ‍ॅक किती ? त्यांनी अशा ५५ जणांची तपासणी केली. दारू नाही, काविळीचे विषाणू नाहीत, औषधांचा दोष नाही, अशी ही माणसे. त्यांतील ५ जण सीलिअ‍ॅकचे निघाले. हे १९९८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे यकृताचे दुखणे म्हणून डॉक्टरांकडे आलेल्या दर अकरा माणसांत एकाचे मूळ ताटातल्या पोळीत होते, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

आणखी पुढे, २००२ साली, फिनलंडमधून एक वृत्तांत आला. यकृत अगदी निकामी होत चाललेले चार रुग्ण होते. त्यांतल्या काहींचे यकृत बदलण्याचा विचार चालला होता. त्यांना सीलिअ‍ॅक असल्याचे आढळले आणि ग्लुटेन बंद करण्यात आले. चौघांचेही यकृत सुधारले. इतका मोठा गुण सर्वांनाच येईल असे नाही. पण ज्याच्या घरी असा रुग्ण आहे, त्याला या चार माणसांची किंमत विचारावी.

मात्र एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. यकृताचे प्रत्येक दुखणे पथ्याने जाते असे नव्हे. सीलिअ‍ॅकबरोबर यकृताची काही स्वतंत्र दुखणी जोडीने आढळतात. एकात यकृतातल्या बारीक पित्तनळ्या हळूहळू नष्ट होतात. हे दुखणे बायकांत फार अधिक. सीलिअ‍ॅकशी त्याचा संबंध १९७८ सालीच दाखवला गेला. दुसऱ्यात शरीराची शक्ती सरळ यकृताच्या पेशींवरच चालून जाते. यांना पथ्य हवेच, पण औषधही हवे, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पोळी सोडली म्हणून गोळ्या सोडू नयेत.

आता आमच्या घरातील हकिकत. माझ्या धाकट्या जाऊबाईंची मुलगी विसाव्या वर्षी अगदी मलूल दिसू लागली. हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तरी वाढेना. पाळी अनियमित. पोटाची म्हणावी तशी तक्रार नाही. एका तपासणीत एसजीपीटी दुपटीहून अधिक आले. काविळीच्या सर्व तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही. एका दवाखान्यात सांगितले, लिव्हर नाजूक आहे, तेलतूप बंद करा, हलके खायला द्या. आता आजाऱ्याला हलके म्हणजे आपल्याकडे काय देतात ? गव्हाची लापशी, रव्याची खीर, दुधाबरोबर टोस्ट आणि बिस्किटे. तेच तिलाही मिळाले. गी डॉक्टरांचा भाजलेला पाव सव्वाशे वर्षांनंतरही आपल्या ताटात आहे तो असा. कोणी काविळीची माळ घालायला सांगितली, तीही घातली. सहा महिन्यांत एसजीपीटी आणखी वाढले.

दुखण्यापेक्षा लोकांच्या जिभा अधिक जाळतात. यकृत बिघडले म्हटले की लोकांच्या मनात दारू येते, आणि मुलीच्या बाबतीत तर काय वाटेल ते येते. एक चांगले स्थळ चालून आले होते, "मुलीचे लिव्हर खराब आहे" एवढ्या कुजबुजीवर ते परत गेले. जाऊबाई रात्र रात्र जागत. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सर्व कागद शांतपणे पाहिले आणि विचारले, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही ? यकृताऐवजी आतड्याकडे पाहू या. त्यांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी करवली, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहिला. मखमल झिजलेली होती. गहू बंद झाला. तिसऱ्या महिन्यात चेहऱ्यावर रंग आला, आठव्या महिन्यात यकृताचे आकडे सरळ झाले. औषध असे काही नव्हतेच. गहू बंद, एवढेच औषध. आज ती नोकरी करते आणि आपला डबा आपण करून नेते.

आता कोणी म्हणेल, हे परदेशी दुखणे, आपल्याकडे कशाला येते ? पूर्वी डॉक्टरही तसेच मानीत. पण १९६६ सालीच दिल्लीच्या डॉक्टरांनी उत्तर हिंदुस्थानातील मुलांत हे दुखणे असल्याचे प्रसिद्ध केले. १९७३ साली बर्मिंगहॅमहून, याच शार्लट अँडरसन यांच्या सहभागाने, तिकडे जाऊन राहिलेल्या आशियाई कुटुंबांतील मुलांविषयीही तसाच वृत्तांत आला. २०१६ साली देशाच्या तीन भागांतील मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. रक्तात या दुखण्याची खूण उत्तरेत शेकडा १.२३ जणांत, ईशान्येत ०.८७ जणांत, आणि दक्षिणेत ०.१० जणांत सापडली. दुखण्याला लागणारी जन्मजात ठेवण तिन्ही भागांत साधारण सारखीच होती. गहू खाण्यात मात्र जमीनअस्मानाचा फरक होता. उत्तरेकडचे लोक कितीतरी पट अधिक गहू खात होते. सगळा उलगडा एवढ्यानेच होत नाही, पण विचार करायला लावणारी गोष्ट खरी.

याचा आपल्याशी संबंध आहे. माझ्या सासूबाई सोलापूरकडच्या. त्या सांगत की, त्यांच्या लहानपणी पोळी सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला. रोजची ती भाकरी. १९५६ साली अमेरिकेशी धान्याचा मोठा करार झाला आणि रेशनवर परदेशी गहू येऊ लागला. १९६६ साली मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आले आणि देशात गव्हाचे पीक वाढत गेले. त्याने देशाची भूक भागली, त्याचे उपकार विसरता येणार नाहीत. पण एका पिढीत आपल्या घरांतून परात आणि काठवट मागे पडली आणि पोळपाट रोजचा झाला. भाकरी गरिबाची आणि पोळी सुखवस्तूची, असा समजही रुजला. गव्हाने प्रत्येकाला दुखणे होते असे मुळीच नाही. शंभरांतल्या नव्याण्णवांनी पोळी खुशाल खावी. पण जो शंभरावा, त्याच्यासाठी आपल्या आजीचा तवा हेच औषध आहे. २००७ साली इटलीतील नेपल्सच्या शास्त्रज्ञांनी ज्वारीचे पदार्थ प्रयोगशाळेत तपासून आणि सीलिअ‍ॅकच्या रुग्णांना खाऊ घालून ते निर्धोक असल्याचे सांगितले. परक्या देशात जी ज्वारी मुद्दाम शोधावी लागली, ती आपल्या कणगीत आधीपासूनच आहे. बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा हे सर्व चालते. आपले उपवासाचे फराळ तर जणू या रुग्णांसाठीच बेतले आहेत.

तरी घरात असा रुग्ण असेल तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि त्या डॉक्टरांपेक्षा आपल्याच हातात आहेत. रवा, मैदा, शेवया, दलिया, कुरडया, हे सारे गव्हाचेच. जवातही तोच दोष. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, तो वगळून भाजणी वेगळी करावी. बाजारच्या बांधीव हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, त्यावरची बारीक अक्षरे वाचून घ्यावीत. गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी दळली तर तिच्यात कणीक मिसळते. म्हणून ज्वारी घरी दळावी किंवा गिरणीवाल्याला सांगून ज्वारी-बाजरीचे वेगळे जाते असेल तेथे दळावी. पोळपाट-लाटणे, पिठाची चाळण, पुऱ्या तळलेले तेल, हे रुग्णासाठी निराळे हवे. आमच्याकडे जाऊबाईंनी चाळणीच्या कडेला लाल दोरा बांधला आहे. लाल दोऱ्याच्या चाळणीत कणीक पडत नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हल्ली गहू सोडण्याची एक टूमच निघाली आहे. थोडे पोट फुगले की लोक स्वतःच पोळी बंद करतात. तपासणीपूर्वी असे कदापि करू नये. गहू बंद केला की रक्तातली खूण पुसट होते, आतड्याची मखमल भरू लागते, आणि तपासणी फसते. मग खरे दुखणे आहे की नाही हे कायमचे अंधारात राहते. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम मोडू नये. आणि दुखणे एकदा ठरले की पथ्य जन्मभराचे. बरे वाटले म्हणून दिवाळीला एक करंजी, असे चालत नाही. घरात एकाला निघाले तर आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करून घ्यावी, कारण ही ठेवण रक्ताच्या नात्याने येते.

तिसरी गोष्ट आपल्या बायकांची. हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांत अधिक सापडते. आणि रक्त कमी, थकवा, पाळीची तक्रार, गर्भ न राहणे, ही लक्षणे आपण "बाईच्या जातीला चालायचेच" म्हणून अंगावर काढतो. लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढत नसेल, किंवा दारूचा थेंब न घेता आणि कावीळ नसता यकृताचे आकडे वाढलेले राहत असतील, तर डॉक्टरांना एवढेच विचारावे : ही सीलिअ‍ॅकची तपासणी करून पाहू या का ? असे विचारण्यात उद्धटपणा नाही. हॉलंडमधल्या त्या आईने विचारले म्हणून तर जगाला कळले.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्याकडे सत्यनारायणाला रव्याचा शिरा होतो. प्रसादाला नाही म्हटले तर लोक नाक मुरडतात, आणि रुग्ण बिचारा संकोचाने कणभर तोंडात टाकतो. तेवढा कणही त्याच्या आतड्याला पुरतो. शिऱ्याबरोबर दुधसाखर आणि केळे वेगळ्या वाटीत ठेवले तर देवाला काही कमी पडणार नाही. हळदीकुंकवाच्या फराळात एखादा पदार्थ नाचणीचा किंवा ज्वारीचा ठेवावा, आणि पुढच्या वर्षीच्या पाककृती स्पर्धेत बिनगव्हाच्या पदार्थांना एक बक्षीस असावे. त्या बक्षिसाची रक्कम मी माझ्या शिवणकामाच्या पैशांतून देईन. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घरच्या बाईला, आपले पोर पंगतीत उपाशी उठत नाही, हे पाहून किती बरे वाटेल !

माझ्या लिहिण्यात काही उणे असेल तर भगिनींनी ते पदरात घ्यावे, आणि डॉक्टरांचे काम डॉक्टरांवरच सोपवावे. मंडळाला उदंड आयुष्य लाभो.